एकादशीची फेरी

खंडेनवमी होती. हौद्याला झेंडूच्या माळा, बंपरला लिंबू-मिरची, काचेवर हळदीकुंकवाची बोटं. अण्णांनी पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, पाणी चाकांवर शिंपडलं आणि मला म्हणाले, "बस आत. मार सेल्फ."

अर्ध्या सेल्फात गाडी सुरू झाली. टाटा सोळा-तेरा, १९९८ चं मॉडेल, सहा सिलिंडर. अण्णांनी आजूबाजूच्या चार माणसांकडं असं बघितलं की जणू पोरगं दहावीला बोर्डात आलंय. त्याला कारणही होतं. एप्रिलमध्ये गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला, तेव्हापासून गाडी दारात लिंबाच्या झाडाखाली उभी होती. आणि जूनपासून अण्णा रोज पहाटे आंघोळ झाली की केबिनमध्ये चढायचे, डॅशबोर्डवरच्या गणपतीला उदबत्ती लावायचे आणि पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करायचे. भर पावसातही चुकवायचे नाहीत. दावणीला बांधलेल्या जनावराला पाणी दाखवावंच लागतं, हे त्यांचं तत्त्व.

मी क्लच दाबला आणि पहिला टाकायला गेलो. कर्रर्र. पुन्हा दाबला, पार तळाला. पुन्हा तेच. आईच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता, तो तिनं हळूच मिटला. मग मी इंजिन बंद केलं, गिअर आधी घातला, क्लच दाबून धरला आणि सेल्फ मारला. क्लच दाबलेला असताना सेल्फनं गाडी हलायला नको. ती पुढं एक हिसका मारून जागच्या जागी धडपडली आणि गप्प झाली. खाली उतरून बघितलं, तर मागची चाकं तसूभर फिरली नव्हती. पुढची लिंबं जशी ठेवली तशी, अख्खी.

ही गोष्ट २०१४ ची. गाडी आम्ही घेतली होती २०१० मध्ये. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला बारा वर्षं झाली की नॅशनल परमिट मिळत नाही. त्यामुळं मुंबई-बेंगळुरू करून थकलेल्या गाड्या त्या वयाला स्वस्तात निघतात आणि आमच्यासारख्यांच्या दारात येतात. पुढचं आयुष्य उसात. नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल गाडी रात्रंदिवस फडात नाहीतर कारखान्याच्या काट्यावर, आणि उरलेले सहा-सात महिने झाडाखाली. आमच्या वाळवा तालुक्यात अशा उभ्या गाड्या पावसाळ्यात दर वाडीला दिसतात. जुनी गाडी कामानं मरत नाही, या झाडाखालच्या महिन्यांत मरते, हे मला त्या खंडेनवमीपर्यंत ठाऊक नव्हतं.

मिस्त्री दुपारी आले. आमचे हे मिस्त्री बोलायला कमी आणि वास घ्यायला जास्त. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी डिपस्टिक ओढली, पुसली, परत घातली, ओढली. ऑईल वरच्या खुणेच्याही वर बोटभर चढलेलं. अण्णा म्हणाले, "बघा, थेंब कमी झाला न्हाई." मिस्त्रींनी काडी नाकाजवळ नेली आणि माझ्यापुढं धरली. डिझेलचा वास येत होता. बोटांत चोळलं तर ऑईलची ती गुळगुळीत जाडी नव्हती, पातळ झालेलं.

मग त्यांनी जे केलं ते मी अजून विसरलो नाही. आईकडून स्टोव्ह मागून घेतला, त्यावर पत्र्याचा एक तुकडा तापवला आणि काडीवरचे दोन थेंब त्यावर सोडले. फोडणीत मोहरी तडतडावी तसे ते तडतडले. "चांगलं ऑईल नुसतं धूर करतंय," मिस्त्री म्हणाले. "तडतडलं की समजायचं पाणी हाय." अण्णा गाडीखाली वाकून बघायला लागले, रेडिएटरचं पाणी कुठून ऑईलमध्ये शिरलं म्हणून. मिस्त्री म्हणाले, "तिथनं न्हाई अण्णा. तुम्हीच घातलंय. रोज थोडं थोडं."

डिझेल जळतं तेव्हा त्यातून धूर निघतो हे सगळ्यांना दिसतं. पण एक लिटर डिझेल जळलं की साधारण लिटरभर पाणीही तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी तापलेली असेल तर ती वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. जी थोडी पिस्टनच्या कडेनं खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरते, तीही गरम ऑईलमधून उडून जाते. गाडी गार असेल तर ती जिथं असते तिथंच पाणी होऊन बसते. सहा सिलिंडरच्या एवढ्या लोखंडाच्या ढिगाला पाच मिनिटांच्या घरघरीनं काय ऊब येणार? आयडलवर डिझेल इंजिन तापतच नाही म्हटलं तरी चालेल. गार इंजिनात डिझेल पुरतं जळतही नाही. उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत ऑईलमध्ये येतं, आणि भिंतीवरचा ऑईलचा पापुद्राही धुऊन नेतं. त्यात तेव्हाच्या डिझेलमध्ये नियमानं ३५० पीपीएमपर्यंत गंधक चालायचं (२०२० च्या एप्रिलपासून ते १० वर आलं), म्हणजे पाण्यात मिसळून आम्ल होणार आणि ते बेअरिंगांना चाटत बसणार. अण्णांनी चार महिन्यांत सव्वाशे वेळा हे केलं होतं. सव्वाशे वेळा गाडी गार असताना उठवली आणि गरम व्हायच्या आत झोपवली.

मिस्त्रींनी पान्ह्याचं टोक सायलेन्सरला लावलं आणि जरा दाबलं. ते आरपार गेलं.

मागची चाकं उतरवल्यावर बाकीचं कळलं. ड्रमच्या आतल्या लोखंडाला गंज चढून लायनर त्याला चिकटले होते. हातोड्याचे घाव घालून, रॉकेल मारून ड्रम सोडवले, तेव्हा लायनरचा एक तुकडा ड्रमलाच लागून आला. क्लचचंही तसंच. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मधे क्लच प्लेट दबलेली असते, आणि पावसाळ्याची ओल तिथं पोचली की ती बिस्किटासारखी चिकटते. शेजारचा ट्रॅक्टर लावला, चौथ्या गिअरमध्ये इंजिन चालू, मी क्लच दाबून धरलेला, ट्रॅक्टर ओढतोय आणि मी अ‍ॅक्सिलरेटर सोडतोय-दाबतोय. गावाबाहेर माळावर दोन चकरा मारल्यावर ठाप असा आवाज झाला आणि प्लेट सुटली. सुटली, पण खराब होऊनच. आठ दिवसांनी बदलावी लागली.

सगळा हिशोब अठ्ठावीस हजारांच्या आसपास गेला. तोडणी मजुरांच्या टोळीला उचल आधीच दिलेली, आणि पहिल्या आठवड्याच्या खेपा दुसऱ्याच्या गाडीनं केल्या. त्याचं दुःख अण्णांना पैशापेक्षा मोठं.

पण त्यांना खरं लागलं ते मिस्त्रींचं एक वाक्य. चहा पिता पिता ते सहज बोलून गेले होते, "अण्णा, नुसती उभी ठेवली असती तरी यापेक्षा बरी राहिली असती."

अण्णा दोन दिवस गाडीकडं फिरकले नाहीत.

* * *

पुढच्या उन्हाळ्यात पट्टा पडला, तेव्हा मी मिस्त्रींच्या गॅरेजवर जाऊन एकच प्रश्न विचारला. किती दिवसांनी गाडी काढायची? त्यांचं उत्तर होतं: पंधरा दिवसांनी एकदा, पण काढली तर घामाघूम करून आणायची. पस्तीस-चाळीस किलोमीटर, काहीतरी ओझं घालून. तेवढं जमत नसेल तर सेल्फला हातसुद्धा लावायचा नाही.

पंधरा दिवस लक्षात कोण ठेवणार? माणूस पंधराचे वीस करतो, विसाचे महिना. अमावस्या-पौर्णिमा धरावी असं माझं मत होतं, पण अमावस्येला गाडी रिकामी बाहेर काढायला अण्णा तयार नाहीत. त्या दिवशी फक्त लिंबू बदलायचं. मग आईनंच भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट दाखवून तोडगा काढला. एकादशी. शुद्ध आणि वद्य, महिन्यातून दोनदा, अंतर जवळपास पंधरा दिवसांचं, आणि आमच्या घरी चुकणं शक्यच नाही, कारण त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी असते. घरातल्या माणसांचा उपास त्या दिवशी सुरू आणि गाडीचा त्या दिवशी सुटतो. तसंही देव आषाढीला झोपतो आणि कार्तिकीला उठतो, आणि उसाची गाडीही साधारण तेव्हाच उठते.

फेरीचा रस्ता ठरलेला. गावातून पेठ नाका, तिथून हायवेला लागून कासेगावपर्यंत आणि परत. पहिली काही वर्षं अण्णा चालवायचे आणि मी क्लीनरच्या जागेवर. आता मी चालवतो आणि गुडघे धरून ते शेजारी बसतात. जुन्या गाडीची पहिली दहा मिनिटं सबुरीची. गाडी उगाच दारात तापवत ठेवायची नाही. हवा भरली, ऑईलचं प्रेशर दिसलं की निघायचं, पण निम्म्या दमानं. पाण्याचा काटा वर यायला दहा-बारा मिनिटं लागतात आणि तिथं बहुतेक लोक फसतात. पाणी तापलं म्हणजे इंजिन तापलं असं नाही. ऑईल, गिअरबॉक्स, मागचं क्राउन-पिनियन या सगळ्यांना अजून तेवढाच वेळ लागतो. हायवेवर चढलं की मग पाचव्यात घालून चांगली ताणायची. कधी कधी मुद्दाम चौथ्यात ठेवून जोर लावायला लावायचा. पहिल्या पाच-सात किलोमीटरमध्ये पांढरट, नंतर काळपट धूर येतो. मग तो विरतो आणि आरशात मागं फक्त हवा थरथरताना दिसते. अण्णांना ती दिसली की ते "हं" म्हणतात.

ब्रेक मोकळ्या रस्त्यावर चार-पाच वेळा मुद्दाम जोरात दाबायचे. ड्रमवर पंधरा दिवसांत आलेला गंजाचा तांबूस थर त्यानं घासून निघतो. पहिल्या दोन ब्रेकला खरखर येते, तिसऱ्याला कमी, पाचव्याला नाही. स्टेअरिंग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत. वायपर, हॉर्न, सगळे दिवे. ऑईल सील नावाची रबराची चकती जागोजागी असते, क्रँकला, गिअरबॉक्सला, हबला. त्यांना आतलं ऑईल उडून लागत राहिलं तरच त्या मऊ राहतात. गाडी उभी राहिली की ऑईल खाली बसतं, वरचा अर्धा सील कोरडा पडतो, कडक होतो आणि हंगामाच्या पहिल्या आठवड्यात गळायला लागतो. लोक म्हणतात, "उभ्या गाडीला काय झिजायचंय?" उभ्या गाडीचं रबरच तर आधी जातं.

परत आल्यावर लगेच बंद करायची नाही. टर्बोला दम खाऊ द्यायचा, मिनिटभर आयडलवर. मग हवेच्या टाकीखालची कळ ओढायची. फुस्स करून हवा सुटते आणि तिच्यासोबत चहाच्या रंगाचं पाणी. जूनमध्ये चमचा-दोन चमचे, ऑगस्टमध्ये वाटी भरेल इतकं. माझ्या मुलीला हे काम फार आवडतं. कॉम्प्रेसर हवेबरोबर पावसाळ्याची ओलही आत दाबत असतो. ती काढली नाही तर टाकी आतून गंजते आणि तो गंज ब्रेकच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. नोव्हेंबरमध्ये पंधरा-सोळा टन ऊस घेऊन उतारावर ब्रेक दाबाल, तेव्हा त्याची आठवण होते.

ओझ्याचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्या वर्षी पडला. रिकामा ट्रक फिरवणं म्हणजे आमच्याकडं वेडेपणाच. पहिल्या फेरीला पारावरची मंडळी विचारायची, "काय, हवा भरून आणली का पोटात?" रिकामी गाडी लिटरला पाच देते, म्हणजे सात लिटर जाळायचे, आणि २०२५ मध्ये डिझेल नव्वदीच्या घरात होतं. महिन्याच्या दोन फेऱ्यांचे बारा-तेराशे. पाच महिन्यांचे सहा-साडेसहा हजार. अठ्ठावीस हजारांपुढं ते काहीच नाही, पण शेतकऱ्याच्या हिशोबात न झालेला खर्च मोजायची पद्धत नाही. म्हणून मी एकादशीची भाडी धरायला लागलो. कुणाचं शेणखत, कुणाच्या विटा, एकदा मंडपवाल्याच्या लोखंडी कमानी. भाडं डिझेलपुरतं. गिऱ्हाईक खूश, गाडीला ओझं मिळतं आणि पारावरची तोंडं बंद. कारखान्यावरून प्रेसमड मात्र मी आणत नाही. ती ओली मळी हौद्याच्या फटीतून चॅसीवर गळते आणि धुतली नाही तर लोखंड खाते. उसाच्या रसाचंही तसंच. पट्टा पडल्यावर आधी गाडी खालून वरपर्यंत धुवायची, मगच उभी करायची.

यात एक कायद्याची मेख आहे. काही मालक उन्हाळ्यात गाडी आरटीओकडं 'नॉन यूज'ला टाकतात. तेवढ्या काळाचा कर वाचतो. पण तसं लिहून दिलं की गाडी रस्त्यावर आणायची नाही. मग एकादशी नाही आणि द्वादशीही नाही. आम्ही दोन वर्षं तो कर वाचवायचा विचार केला आणि सोडून दिला. ज्यांना तो वाचवायचाच आहे त्यांनी गाडी नीट निजवावी: उभी करण्याआधी ऑईल आणि फिल्टर नवे, कारण जुन्या ऑईलमधलं आम्ल उभ्या इंजिनाला जास्त बाधतं. टाकी काठोकाठ भरलेली, म्हणजे आत ओली हवा राहणार नाही आणि टाकीच्या पत्र्यावर रात्री दव धरणार नाही. बॅटरी उतरवून घरात. आणि मग दिवाळीपर्यंत चावीला हात नाही. हा मार्गही वाईट नाही. वाईट आहे तो अण्णांचा जुना मार्ग, ना धड झोप ना धड जाग.

बॅटरीबद्दल एवढंच सांगतो की बारा व्होल्टची बॅटरी मीटरवर १२.६ दाखवते तेव्हा ती भरलेली असते, आणि १२.४ च्या खाली महिनाभर राहिली की आतल्या पट्ट्यांवर पांढरं साचायला लागतं, ते नंतर चार्जिंगनं जात नाही. एका सेल्फनं ओढलेला करंट पाच मिनिटांच्या आयडलनं परत मिळत नाही. अण्णा रोज बॅटरीच्या खात्यातून काढत होते, आणि भरणा नव्हता.

* * *

उंदरांनी मात्र एकादशी मानली नाही. २०१७ च्या श्रावणात हेडलाईटच्या वायरी कुरतडून त्यांनी बॅटरीच्या पेटीत कापसाचं घर केलं होतं. कापूस कुठून आणला असेल? सीटचा. कुंभारमाशीनंही एकदा डिझेल टाकीच्या हवेच्या नळीच्या तोंडाशी मातीचं घरटं केलं आणि गाडी हायवेवर दम तोडायला लागली. टाकीत हवा जाईना, म्हणून डिझेल वर येईना. मी फिल्टर बदलला, लाईनमधली एअर काढली, हातपंप मारून अंगठा सोलला, आणि शेवटी मिस्त्रींनी काडीनं तो चिखल पोखरून काढला. पंधरा दिवसांत माशी एवढं बांधू शकते. महिनोन् महिने उभ्या गाडीत काय काय नांदत असेल!

टायरनं आम्हाला वेगळा धडा दिला. नायलॉनचा टायर एका जागी उभा राहिला की खालचा भाग चपटा होतो. फेरीच्या पहिल्या दोन-तीन किलोमीटरला स्टेअरिंगला दणदण येते, टायर गरम झाला की जाते. म्हणून उभी करताना दर वेळी गाडी हातभर पुढंमागं. तेवढं आम्ही इमानानं केलं, आणि तरी २०२१ मध्ये मागचा एक टायर भर रस्त्यात फुटला. नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक होती, बाजूला मात्र बारीक भेगांचं जाळं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. त्यावर होतं ४११२. म्हणजे २०१२ चा एक्केचाळिसावा आठवडा, जवळजवळ नऊ वर्षांचा टायर. फेऱ्यांनी इंजिन जपलं, पण ऊन सगळ्यांना सारखं लागतं. तेव्हापासून टायरांना पोती बांधतो.

त्याआधी, २०१९ चा ऑगस्ट. कृष्णेला महापूर आला, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या गावात नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरायला लागलं ते रात्री. जनावरं उंचावर न्यायची होती. गावात उसाचे सात ट्रक उभे होते. आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे जेमतेम दहा दिवसांपूर्वी, मी आमची गाडी फिरवून आणली होती, त्यामुळं ती सुरू होणार यात शंका नव्हती. दुसरी कुणाची होईल याची खात्री नव्हती. आमची सुरू झाली. आणि हलेना. हवेचा काटा वर सरकतच नव्हता. मागच्या एका होजमधून बारीक गळती होती. फेरीच्या दिवशी मला ती सुस्कारल्यासारखी ऐकू आली होती आणि पुढच्या एकादशीला बघू म्हणून मी ती सोडून दिली होती. टॉर्चच्या उजेडात, गुडघाभर पाण्यात, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळून तो होज बांधला. पंधरा-वीस मिनिटं गेली. प्रेशर कसंबसं वर आलं आणि तीन खेपांत एकोणतीस जनावरं आणि माणसं शाळेच्या माळावर पोचली. गावातल्या बाकीच्या सहापैकी तीन ट्रक निघाले, तीन पाण्यात राहिले. लोक आमच्या एकादशीचं कौतुक करतात तेव्हा मला तो होज आठवतो. फेरी मारणं ही अर्धीच गोष्ट. त्या पाऊण तासात गाडी जे सांगते ते त्याच आठवड्यात निस्तरायचं असतं. आता केबिनमध्ये शाळेची एक जुनी वही आहे. दर एकादशीला आवाज, गळती, वास, जे जाणवलं ते लिहायचं. अण्णांचं अक्षर त्यात २०२२ पर्यंत आहे.

* * *

अलीकडं हिशोब बदलतोय. पूर्वी झाडाखालचे महिने साधारण ठरलेले असायचे. २०२१-२२ चा हंगाम ऊस जास्त झाल्यानं जूनपर्यंत लांबला, गाडीला उसंतच नव्हती. उलट २०२४-२५ चा नोव्हेंबरच्या मध्याला सुरू झाला आणि बहुतेक धुराडी मार्चमध्येच थंड पडली. म्हणजे गाडी चार महिने कामाला आणि आठ महिने दारात. त्यात ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्यांनी ट्रकची निम्मी कामं घेतली. दर वर्षीचं पासिंग आहे, पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची त्याची फी २०२२ पासून बरीच वाढली आहे. विमा आहे. धाकटा भाऊ म्हणतो, भंगाराला चांगला दर आहे तोवर द्या. त्याचं चूक नाही. मीही कागदावर मांडून बघितलं आणि कागद त्याच्या बाजूनं बोलतो.

पण मी गाडी अजून ठेवली आहे, आणि त्यात भावनेचा भाग लोकांना वाटतो तेवढा नाही. या इंजिनात संगणक नाही, सेन्सर नाही. जे बिघडतं ते ऐकू येतं, आणि ऐकू आलेलं आमच्या गावात दुरुस्त होतं. हेड आजवर एकदाच उघडलं. पंप अजून मूळचाच आहे. २०१४ नंतर क्लच प्लेट दोनदा बदलली ती झिजून, चिकटून नाही. सायलेन्सर त्याच वर्षी बसवलेला चालू आहे. सत्तावीस वर्षांच्या गाडीकडून मला याहून जास्त काही नको.

तुमच्या दारातही एखादी जुनी गाडी झाडाखाली उभी असेल, आणि घरातलं कुणीतरी मायेनं रोज ती पाच मिनिटं सुरू करत असेल, तर त्यांना बोलू नका. आधी डिपस्टिक ओढा आणि वास घ्या. डिझेलचा वास आला, किंवा ऑईल वरच्या खुणेच्या वर असेल, तर ते बदलल्याशिवाय गाडी हलवू नका. मग कॅलेंडर बघा, पुढची एकादशी कधी आहे ते.